सकाळी लपणात बसलं की पक्षी का फिरकत नाहीत?

आधी लक्षणं सांगतो. तुमचीही हीच असतील तर पुढे वाचा.

परसात पाण्याचं परळ ठेवलंय. तुम्ही पडवीत चहा पीत बसलेले असता तेव्हा बुलबुल, दयाळ, शिंपी सगळे त्यावर उतरतात, पंख फडफडवून यथेच्छ आंघोळी करतात. तुम्ही कॅमेरा घेऊन लपणात, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून बांधलेल्या आडोशात, शिरलात की हीच मंडळी शेजारच्या झाडापर्यंत येतात, फांदीवर बसून शेपटी उडवतात, मान तिरकी करून एका डोळ्याने लपणाकडे बघतात, ‘चर्र’ करून ओरडतात आणि निघून जातात. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी हा प्रकार जास्त, दुपारनंतर कमी. मधेच आठवडाभर सगळं सुरळीत चालतं, तुम्हाला वाटतं पाखरं सरावली, आणि मग एके दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

या दुखण्यात माझे दोन उन्हाळे गेले. उत्तर एका ओळीचं आहे: तुमच्या पाठीमागून येणाऱ्या उजेडात पक्ष्यांना तुम्ही दिसताय. पण नुसत्या त्या ओळीने काम होत नाही. उजेड वर्षभर एकाच बाजूने येत नाही, म्हणून दुखणंही पुन्हा पुन्हा उद्भवतं.

आमचं घर कोकणात, देवरुखजवळ. मागच्या परसात चार माड, पोफळीची रांग, कडेला जुना रातांबा. रातांब्यापासून हाकेच्या अंतरावर ओहोळ आहे, पण मार्चनंतर तो आटतो आणि सगळी पाखरं घरच्या पाण्याकडे वळतात. लपण म्हणजे बांबूचा सांगाडा, पाच फूट लांब, चार फूट रुंद, आणि त्याला चहूबाजूंनी गुंडाळलेली हिरवी शेडनेट. नर्सरीवाल्याकडून आणलेली, ५० टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी. लपणाचं तोंड पश्चिमेला, समोर साडेचार मीटरवर परळ आणि त्याच्या बाजूला रोवलेली एक वाळकी फांदी. लपण परसाच्या पूर्वेला का बांधलं, तर सकाळचं ऊन माझ्या पाठीवरून थेट पक्ष्यावर पडावं म्हणून. फोटोसाठी हाच उजेड चांगला, डोळ्यात ठिपका चमकतो, पिसांचे रंग उठून दिसतात. घोळ इथेच होता, पण ते कळायला वेळ लागला.

कुठे कुठे चुकलो

पहिला संशय कपड्यांवर. पानापानांचं डिझाइन असलेला शिकारी छापाचा शर्ट, पँट, टोपी असं सगळं मागवलं. ते घालून मी पडवीतून उतरलो तेव्हा आई म्हणाली, “यापेक्षा शेतातलं बुजगावणं बरं दिसतं.” पक्ष्यांचंही मत तेच पडलं. शर्टाने काडीचा फरक पडला नाही.

दुसरा संशय आवाजावर. माझा कॅमेरा जुना डीएसएलआर, आरसा उचलला जाताना खाट्‌ असा आवाज करतो. पण इथे तर पक्षी मी बटण दाबण्याआधीच जात होते. तरी मी आठवडाभर कॅमेऱ्याला आईची जुनी शाल गुंडाळून बसलो. घाम आला, पक्षी आले नाहीत.

मग वासाचा संशय आला आणि साबण बदलून झाला. मग वाटलं, लपण नवं आहे म्हणून बिचकत असतील. हा संशय अगदीच खोटा नव्हता. नवी वस्तू परसात आली की पाखरं चार-सहा दिवस लांब राहतात, त्यामुळे लपण बांधून निदान आठवडाभर तरी त्यात बसूच नये. पण माझ्या लपणाला तोवर वर्ष झालं होतं. त्याच्या टपावर दयाळ बसून गायचा. लपणाला तो भीत नव्हता, मला भीत होता.

बुजगावण्याने दिलेला पुरावा

आईचं ते वाक्य डोक्यात राहिलं होतं. दिवाळीच्या सुटीत एकदा जुन्या शर्टात पेंढा भरला, डोक्याच्या जागी मडकं, त्यावर माझी टोपी, आणि हे ध्यान लपणातल्या स्टुलावर बसवून मी पडवीत येऊन बसलो. पाऊण तासात बुलबुलांची जोडी परळावर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बुजगावणं बाहेर, मी आत. रातांब्यापर्यंत आले, शेपटी उडवली, गेले.

म्हणजे लपणात माणसासारखं काहीतरी असण्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती हलण्याला. हात कॅमेऱ्याकडे जातो, मान वळते, मांडीवरचा डास मारला जातो. आपल्याला वाटतं आपण निश्चल बसलोय, पण माणूस निश्चल बसतच नाही. मग प्रश्न उरला तो एवढाच: जाळीच्या आतली हालचाल त्यांना बाहेर दिसतेच कशी?

त्याचं उत्तर आठ वर्षांच्या पुतणीने दिलं. “काका, मी आत बसते, तू पक्षी हो,” म्हणाली. मी परळापाशी जाऊन उकिडवा बसलो, डोळे पक्ष्याच्या उंचीला आणले आणि लपणाकडे बघितलं. सकाळचे आठ वाजले होते. हिरव्या जाळीच्या मधोमध पुतणीची काळी आकृती कागदातून कापून काढल्यासारखी स्पष्ट. तिने हात वर केला, मी पाच बोटं मोजली. दोन केली, दोन मोजली. ती हसताना तिची वेणी हललेलीही दिसली.

दुपारी चारला हाच खेळ पुन्हा केला. आत काळोख, पुढे उन्हात चमकणारी हिरवी जाळी. पुतणी आत आहे की नाही, हेही सांगता येईना.

यात कसलं गूढ नाही, घराघरातला अनुभव आहे. खिडकीला पातळ पडदा असेल तर दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही. तिन्हीसांजेला आत दिवा लागला की रस्त्यावरच्याला घरातला माणूस न्‌ माणूस दिसतो, म्हणून आई ओरडते, जाड पडदा ओढा. जाळीची ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू उघडी पडते. माझ्या लपणाच्या पाठीला सकाळचं ऊन लागत होतं, मागची जाळी अर्धं ऊन आत सोडत होती, आणि मी एखाद्या चित्रपटाच्या पडद्यासमोर उभा राहिल्यासारखा त्या उजळ जाळीपुढे बसलो होतो. फोटोला जो उजेड उत्तम, तोच लपण फोडणारा. सूर्य पाठीशी ठेवा हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात, पण मागची भिंत भरीव ठेवा हे कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पक्ष्यांचे फोटो काढायला एक पोकळ बैल बनवला होता. खऱ्या बैलाचं कातडं, आत लाकडी सांगाडा, आणि त्यात कॅमेऱ्यासकट घुसलेला माणूस. आज त्याला हसायला येतं. पण बैलाच्या कातड्यातून उजेड आरपार जात नाही, एवढं मात्र खरं. माझ्या शेडनेटपेक्षा तो बैल सरस होता.

तुमच्याकडे हेच आहे का, ते तपासा

खर्च शून्य. ज्या वेळी पक्षी बिथरतात, नेमक्या त्याच वेळी घरातल्या कोणाला तरी लपणात बसवा आणि स्वतः पाण्याच्या ठिकाणी जा. उभं राहून बघू नका, पक्ष्याच्या उंचीवर या. परळ जमिनीवर असेल तर गाल जमिनीला टेकवा. आतल्या माणसाला हात हलवायला सांगा. हात दिसला तर निदान झालं. फांदीच्या उंचीवरूनही बघा, कारण पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतो आणि तिथून टपातली फट वेगळी दिसते.

कोणी सोबतीला नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ लावून तो परळापाशी दगडाला टेकवून ठेवा, स्वतः आत जाऊन नेहमीसारखे बसा, मग बाहेर येऊन बघा. मोबाइल उन्हात तापतो, पण पाच मिनिटं पुरतात.

दुसरी एक चाचणी जुन्या लोकांची आहे. दोघांनी मिळून लपणात जायचं आणि एकाने गाजावाजा करत परत निघून जायचं. बहुतेक पाखरांना माणूस गेला एवढंच कळतं, किती आले आणि किती गेले याचा हिशोब ती ठेवत नाहीत. आमच्याकडे आई परळात पाणी ओतायला माझ्याबरोबर येते आणि हाताने भांडं वाजवत परत जाते. एवढं करूनही पक्षी बिथरत असतील तर तुमचं आत शिरणं त्यांना खटकत नाहीये, आत असणं दिसतंय. कावळ्याच्या बाबतीत मात्र या चाचणीवर मी विसंबत नाही.

दुरुस्ती

मी आधी मागे शेडनेटचा दुसरा थर लावला. करू नका. दोन थर लावले तरी ५० टक्क्यांच्या जाळीतून पाव हिश्श्याच्या आसपास उजेड येतोच, आणि सकाळच्या थेट उन्हाचा पाव हिस्सा तुमची आकृती दाखवायला भरपूर होतो. मग गोणपाट लावलं. विरळ विणीच्या भोकांतून उजेडाचे ठिपके आले. शेवटी उपयोगी पडली ती घरातली जुनी वाकळ. जाड, मऊ, वाऱ्याने फडफडत नाही, आणि तिच्यातून सूर्यही दिसत नाही. तिच्या बाहेरून पावसाळ्यात पडवीला लावतो ते काळं प्लास्टिक घट्ट ताणून बांधलं. निळी ताडपत्री टाळा. ती आत निळसर उजेड सोडते आणि वारा आला की फटाफट वाजते.

बाहेरून सगळ्याला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले. कोकणात असाल तर झापासारखी दुसरी वस्तू नाही. पाखरांच्या ओळखीची, फुकट, आणि वर्षाने कुजली की नवी विणता येते. घाटावर तुराट्यांचा कूड तेच काम करेल, फक्त आतून शेणाने लिंपा, नाहीतर पुन्हा भोकं.

आता गैरसोय. मागची भिंत भरीव केली की आत भट्टी होते. एप्रिलमध्ये नऊनंतर बसवत नाही. हवेसाठी खाली फूटभर मोकळं ठेवलं तर जमिनीवरच्या पक्ष्याला तुमचे पाय दिसतात. यावर उपाय आमच्या जुन्या न्हाणीघराच्या दाराशी सापडला: दोन आडोसे, एकामागे एक, मधे वीतभर अंतर, आणि एकाची कड दुसऱ्याच्या कडेपेक्षा हातभर पुढे गेलेली. हवा वळून आत येते, उजेडाला वळता येत नाही. मी यायला-जायला तीच वाट ठेवली, त्यामुळे दार उघडण्याचा प्रश्नही मिटला.

पुढची बाजू जाळीचीच ठेवा, बघायला लागतेच. पण तिच्या मागे, म्हणजे आतून, काळं कापड लावून फक्त डोळ्यांपुरती आडवी फट आणि लेन्सपुरतं भोक ठेवा. स्टूल शक्य तितकं मागे. समोरच्या भोकातून येणारा उजेड तुमच्या तोंडावर पडतो आणि अंधारात गोरंसावळं कुठलंही तोंड चमकतं. काळा रुमाल तोंडाला बांधा. हातांना मी जुने काळे मोजे घालतो, बोटांपुरते कापून. घरच्यांनी हसून घेतलं. पण लपणात सर्वांत जास्त काय हलतं, तर हात.

आणि ते पुन्हा उद्भवलं

वाकळ लावल्यावर डिसेंबर ते मार्च सोन्यासारखे गेले. शिंपी, नाचण, टिकेलचा निळा माशीमार, एकदा तर संध्याकाळी नारिंगी डोक्याचा कस्तुर, आमच्या इथला तो पांढऱ्या गालांवर काळे पट्टे असलेला. एप्रिल उजाडला आणि बुलबुल पुन्हा रातांब्यावरून परत जायला लागले. वेळ तीच, माणूस तोच, वाकळ जागच्या जागी.

पुतणी तेव्हा नव्हती. बुजगावण्याच्या हाताला दोरी बांधली आणि परळापाशी बसून ती ओढली. मागची भिंत काळीकुट्ट होती, पण उत्तरेच्या बाजूची जाळी, जी मी हवेसाठी तशीच ठेवली होती, ती उजळलेली, आणि तिच्यापुढे बुजगावण्याचा हात हलताना लख्ख दिसत होता.

सूर्य सरकला होता. पूर्व म्हणजे पूर्व असं आपण धरून चालतो, पण सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवाला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा. आमच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १७ अंशांवर, डिसेंबरात तो पूर्वेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंश कलून उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे सहा महिन्यांत उगवतीची जागा जवळजवळ ५० अंश सरकते. मी दिवाळीत भिंत बांधली ती दिवाळीच्या सूर्यासाठी. एप्रिलचा सूर्य वेगळ्या खिडकीतून आत आला. “काल चालत होतं, आज का नाही” या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं, आणि आपण बिचाऱ्या कॅमेऱ्याच्या सेटिंगा बदलत बसतो.

उत्तरेची बाजूही भरीव केली. तीन आठवडे बरे गेले आणि मेमध्ये तिसरी खेप. या वेळी सकाळी काही नाही, भर दुपारी, साडेअकरा ते एकच्या सुमाराला, पक्षी पाण्यावर यायचे आणि दचकून उडायचे. मेच्या दुपारी पाण्यावर सर्वांत जास्त गर्दी असते, त्यामुळे नुकसान मोठं.

या खेपेला टप कारणीभूत होता. शून्य सावलीचा दिवस आमच्याकडे ८-९ मेच्या आसपास येतो, तेव्हा सूर्य थेट डोक्यावर असतो. टपावरच्या झापातून कवडसे खाली पडत होते, माझ्या डोक्यावर, खांद्यावर, कॅमेऱ्यावर. अंधारातल्या शर्टावर दोन रुपयांच्या नाण्याएवढे चार ढळढळीत ठिपके, आणि मी हललो की ते हलायचे. काळ्या खोलीत बॅटरी नाचवल्यासारखं. टपावर एक जुनी सतरंजी टाकली, तिच्यावर झाप परत रचले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. आत पुरेसा काळोख झाल्यावर एक नवीच गोष्ट उघडी पडली: कॅमेऱ्याच्या मागचा पडदा. फोटो काढला की दोन सेकंद तो उजळतो आणि त्याचा उजेड थेट तोंडावर. पूर्वी आत एवढा उजेड होता की याचा पत्ताच नव्हता. फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवण्याची सोय बंद करा, पडद्याची चमक तळाला न्या. आरसा नसलेला कॅमेरा असेल तर दृश्य फक्त डोळ्याच्या भिंगात दिसेल असं ठेवा. आणि मोबाइल लपणात खिशाबाहेर काढायचा नाही. हे मला सगळ्यात जड जातं.

हे दुखणं नव्हेच, अशी प्रकरणं

सगळ्या पळापळीला उजेड जबाबदार नसतो. अख्खं परस एकदम चिडीचूप झालं, खारीने एका सुरात चिक्‌ चिक्‌ चालवलं, बुलबुल दाट पानांत दबून बसले, तर वर बघा, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) असतो. त्याचा तुमच्याशी संबंध नाही. पंधरावीस मिनिटं थांबा. मांजर असेल तर सातभाई टोळीने खाली बघत कलकलाट करतात, आणि मांजर जाईपर्यंत तुमचं काही चालत नाही. पाण्याच्या परळाजवळ, मांजराला दडून बसता येईल अशी दाट झुडपं सहा-सात फुटांच्या आत ठेवू नका. पण वरच्या बाजूला फांदी हवी, भिजलेल्या पाखराला पंख सुकवायला सुरक्षित जागा लागते.

पक्षी पाण्यावर आला, निवांत बसला आणि तुम्ही लेन्स वळवताच उडाला, तर दोष लेन्सच्या हालचालीचा. भिंगाचा मोठा गोल त्यांना डोळ्यासारखा वाटत असावा, असं मला आपलं वाटतं. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं काळं कडं, कायम लावा आणि लेन्सचं तोंड भोकाच्या बाहेर काढू नका. मी चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा काळा रंगवून रात्रंदिवस त्या भोकात अडकवून ठेवतो. पाखरांना ते नळकांडं रोजचं झालंय. बसायला गेलो की पाइप आत ओढायचा, लेन्स त्याच जागी सरकवायची. रोख आधीच फांदीवर लावून ठेवला की वळवायचं कामच उरत नाही.

पहिल्याच खटक्याला उडाला, तर आवाज. आधी दोन-तीन दिवस पक्षी आल्यावर फोटोच काढू नका, आणि काढायला लागल्यावरही सुरुवातीला एकेकच. सेकंदाला दहा फोटोंची फैर पहिल्या भेटीत नको. ज्यांच्याकडे बिनआवाजी शटर आहे त्यांनी ते जरूर वापरावं. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरने चित्र वरून खाली ओळीओळीने वाचलं जातं, त्यामुळे पंख फडफडवणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडेतिकडे येतात. बसलेल्या पक्ष्याला चालतं, आंघोळीला नाही.

पक्षी आले, पण फोटो मऊ (पुसट) येतात

हा वेगळा विषय, पण लपणामुळेच होणारा, म्हणून थोडक्यात. शेडनेटमधून फोटो काढू नका. लेन्स जाळीला चिकटवली तरी चित्रावर धुकं चढतं आणि फोकस पुढे-मागे भरकटतो. जाळीला भोक पाडा, आणि त्या भोकाला जुन्या काळ्या पँटचा पाय शिवून टाका. त्यात लेन्स घातली की हात चालतो, फट राहत नाही, उजेडही येत नाही.

जवळून काढताना फोकसची खोली फार उथळ असते हेही विसरायला होतं. माझ्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स, एफ ६.३ एवढं तिचं छिद्र, पक्षी साडेचार मीटरवर, या हिशोबात तीक्ष्ण दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा. बुलबुल तिरका बसला की डोळा स्पष्ट आणि शेपटी गेली. फांदी लेन्सला आडवी रोवा, म्हणजे पक्षी आपसूक बाजूने बसतो. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, आंघोळीचे थेंब गोठवायचे तर १/२००० कडे जा. कस्तुर दिवेलागणीला येतो, तेव्हा १/१०० वर आणावं लागतं, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४००, आणि दहातले आठ फोटो वाया जातात. ते गृहीत धरा.

एप्रिल-मेमध्ये दहानंतर सगळेच फोटो मऊ येत असतील तर लपण आणि परळाच्या मधे काय आहे ते बघा. माझ्याकडे चिऱ्याची फरसबंदी होती. चिरा तापला की त्याच्यावरची हवा थरथरते आणि लांब लेन्सला ती थरथर दिसते. तिथले चिरे काढून माती मोकळी केली, वर पालापाचोळा पसरला.

लेन्सखाली ठेवायच्या उशीत तांदूळ भरा असं सगळे सांगतात. पावसाळ्यात त्यात सोंडे होतात. वाळू भरा, जड होते पण टिकते.

पाणी, पाऊस आणि घरटी

परळ उथळ हवं, मधे दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नको, तळ खरखरीत. पाणी रोज बदला. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्याला तेवढी सवड मिळता कामा नये. पाऊस लागला की पाण्यावर कोणी येत नाही, तेव्हा ‘पक्षी का येत नाहीत’ असं जूनमध्ये विचारू नका. त्या दिवसांत कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. कोकणातल्या पावसात लेन्सला बुरशी धरायला एक महिना पुरतो, हे मी पैसे मोजून शिकलोय.

आणि लपण घरट्यासमोर नेऊ नका. जूनमध्ये नवरंग येतो, परसात खाली पाल्यात टुणटुण फिरतो, मोह होतो. पण हे दिवस त्याच्या विणीचे. घरट्यावरचा पक्षी बिथरून गेला तर तो पाण्यावरच्या बुलबुलासारखा दहा मिनिटांनी परत येईल असं नाही, आणि तेवढ्यात कावळा काम उरकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणं ‘शिकार’ या व्याख्येतच बसवलंय.

दिनदर्शिकेवर मी वर्षातल्या चार तारखांना गोल करून ठेवलेत: दोन्ही विषुव, ८ मे आणि २१ डिसेंबर. त्या दिवशी बुजगावणं आत बसतं, हाताला दोरी, आणि मी परळापाशी गाल जमिनीला टेकवून पडलेला. ८ मेला हे सकाळी आठला आणि पुन्हा बाराला. गेल्या खेपेला दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथे वाकळीची शिवण उसवली होती, तिथे करंगळीएवढी फट सापडली. सुईदोरा आई घेऊन आली.